अद्भुताची माया आणि राणीचें दुःख

जादू, पराक्रम आणि प्रेम यांनीं भरलेल्या जपानी चित्रमालिका आमच्या शिरूर-दौंडकडील मुलांस हल्लीं फार आवडतात. ही आवड नवी नव्हे. कोल्हापूरच्या प्रभात कंपनीचा, व्ही. शांताराम यांनीं १९३२ सालीं दिग्दर्शित केलेला ‘माया मच्छिंद्र’ हा बोलपट याच जातीचा होय. स्त्रीराज्याची पुरुषद्वेष्टी राणी मच्छिंद्रनाथांस वरते. शिष्य गोरख गुरूस सोडविण्यास धांवतो. आणि अखेर तो सारा संसार गुरूनेंच रचलेली माया ठरतो.

या चित्राचे गुण उघड आहेत. चित्ता जवळ बाळगणारी दुर्गाबाई खोटे यांची राणी कोणाची दासी भासत नाहीं. मास्टर विनायक यांच्या गोरखाची गुरुनिष्ठाही मनांत ठसते.

दोष आहे तो शेवटांत. जिच्या प्रेमानें प्रेक्षकांचें मन हेलावलें, ती राणी शिष्यास शिकविण्याचें केवळ साधन ठरते. आमच्या मतें, एकाच्या शहाणपणासाठीं जी कथा दुसऱ्याचें दुःख खोटें ठरविते, ती कितीही नेत्रदीपक असली तरी अपुरीच होय.

पालकांनीं अशा चित्रांस सरसकट बंदी करूं नये. पाहून झाल्यावर मुलांस एवढेंच विचारावें : या गोष्टींत रडलें कोण, आणि त्या अश्रूंची दखल कोणीं घेतली?