भरतीचे मैदान आणि अश्वगंधेची पुडी

अहिल्यानगरच्या सावेडी उपनगरात पहाटे धावणाऱ्या तरुणांत पोलीस किंवा सैन्यभरतीची तयारी करणारे पुष्कळ असतात. पोलीस शिपायाच्या मैदानी चाचणीतील 50 गुणांपैकी 20 गुण 1600 मीटर धावण्याला आहेत. दोन-चार सेकंदांनी नोकरी हुकते म्हटल्यावर अश्वगंधा, शिलाजित, सफेद मुसळी यांच्या कॅप्सूलना गिऱ्हाईक मिळावे यात नवल नाही. परंतु निरोगी माणसाच्या अंगी त्यांनी खरोखर बळ येते काय?

पुरावा अगदीच नाही असे नव्हे. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय चाचणीत 57 पुरुषांपैकी निम्म्यांना आठ आठवडे रोज 600 मिलिग्रॅम अश्वगंधेच्या मुळाचा अर्क देण्यात आला, उरलेल्यांना औषध नसलेली कॅप्सूल. व्यायाम सर्वांनी केला. बेंच प्रेसमध्ये उचललेल्या वजनात पहिल्या गटाची सरासरी वाढ 46 किलो, तर दुसऱ्याची 26 किलो भरली. जाहिरातदाराला पहिला आकडा प्रिय असणार. दुसरा मात्र अधिक बोलका आहे: औषधाचा कणही न घेता 26 किलो! शिवाय ही माणसे वजन उचलण्यात नवखी होती, आणि नवख्याची प्रगती झपाट्याने होतच असते. त्यावरून वर्षानुवर्षे धावणाऱ्या उमेदवाराविषयी निष्कर्ष काढणे धाडसाचे होय. शिलाजित व मुसळीच्या बाबतीत पुरावा याहूनही तोकडा आहे.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने हा बाजार विलक्षण म्हटला पाहिजे. भाजी हातात घेऊन पारखता येते. कॅप्सूलमधील भुकटी नाही. चार महिन्यांनी दम वाढला तो पुडीने की सरावाने, हेही गिऱ्हाइकाला कळत नाही. त्यात एकच वनस्पती औषध म्हणून 1940 च्या कायद्याखाली आणि पूरक अन्न म्हणून 2016 च्या नियमांखाली, अशी दोन दारांनी दुकानात येते.

खेळाडूला तर भेसळीचे भय अधिकच. शरीरात सापडलेल्या द्रव्याची जबाबदारी उत्तेजकविरोधी नियम त्याच्यावरच टाकतात. तीन वेळा महाराष्ट्र केसरी ठरलेले नरसिंग यादव यांचे 2016 चे प्रकरण वनस्पतींचे नव्हते. पण आपल्या खाण्यात कोणी तरी द्रव्य मिसळले, हे त्यांचे म्हणणे क्रीडा लवादाने मानले नाही आणि चार वर्षांची बंदी घातली.

दूध, अंडी, शेंगदाणे आणि पुरेशी झोप यांना जाहिरात लागत नाही, म्हणूनच बहुधा ती मागे पडतात. अन्न व औषध प्रशासनाने भरतीच्या हंगामात या मालाचे नमुने तपासून निकाल वर्तमानपत्रांतून जाहीर करावेत, आणि धावायला शिकविणाऱ्यानेच पुडी विकण्याची प्रथा जेथे असेल तेथे पालकांनी ती बंद पाडावी.