फिजिओथेरपीच्या प्रतीक्षेतील रुग्ण आणि आपले उत्तरदायित्व

कटिग्रह, गृध्रसी, अवबाहुक, संधिगतवात, पक्षाघातोत्तर दौर्बल्य अथवा अस्थिभग्नानंतर सांध्यांना आलेला ताठरपणा, अशा तक्रारी घेऊन येणारा रुग्ण उपनगरांतील प्रत्येक वैद्याच्या परिचयाचा आहे. यांपैकी अनेकांना औषध आणि स्नेहन-स्वेदन यांच्या जोडीला फिजिओथेरपीचीही आवश्यकता असते व आपण तशी चिठ्ठी लिहूनही देतो. मात्र ती चिठ्ठी हाती पडल्यापासून पहिल्या सत्रापर्यंत जो काळ लोटतो, त्या काळात हा रुग्ण नेमका कोणाचा, या प्रश्नाचा विचार आपल्या व्यवसायात अभावानेच होतो. आमच्या मते तो चिठ्ठी लिहिणाऱ्या वैद्याचाच असतो आणि या काळात त्याच्यावर लक्ष ठेवण्यासाठी व्हिडिओद्वारे पाठपुरावा हे साधन आपण आता नियमाने, परंतु मर्यादा ओळखून, वापरले पाहिजे.

आपल्या परिसराची स्थिती सर्वांना ठाऊक आहे. अंधेरीकरांसाठी कूपर, घाटकोपरकरांसाठी राजावाडी, मुलुंडकरांसाठी अगरवाल, बोरिवली-कांदिवलीकरांसाठी शताब्दी, अशा सार्वजनिक रुग्णालयांवर फार मोठ्या लोकसंख्येचा भार आहे. हाजीअली येथे १९५५ साली स्थापन झालेली अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. परंतु गुडघा वाकत नसलेल्या वृद्धेने मुलुंडहून निघून दादरला गाडी बदलून महालक्ष्मीला उतरावे, पुलाचे जिने चढावेत-उतरावेत आणि हे आठवड्यातून तीनदा करावे, ही अपेक्षाच अवाजवी ठरते. खाजगी केंद्रे जवळ असली, तरी प्रत्येक सत्राचे शुल्क निराळे. दहा-पंधरा सत्रांची रक्कम जमेपर्यंत अनेक कुटुंबे थांबून राहतात. उद्वाहक नसलेल्या जुन्या चार मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या रुग्णास आपल्या चिकित्सालयापर्यंत येणेही दुष्कर होते. रिक्षाचे हादरे कटिशूलाच्या रुग्णास काय यातना देतात, हे निराळे सांगावयास नको.

हा प्रश्न केवळ आपल्या शहराचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१९ साली जगात सुमारे २४० कोटी लोकांना पुनर्वसन उपचारांचा लाभ होऊ शकेल अशी स्थिती होती. प्रतीक्षा ही त्यामुळे अपवादात्मक बाब राहिलेली नाही आणि तिच्यात जाणारे दिवस निरुपद्रवी नसतात. अवबाहुकात हात न हलविल्यास सांधा अधिकाधिक जखडतो. प्लास्टर काढल्यानंतर भीतीपोटी बोटे न हलविणाऱ्या रुग्णाची मूठ वळेनाशी होते. पक्षाघातानंतरचे पहिले आठवडे तर विशेष मोलाचे असतात. उलटपक्षी, शेजाऱ्याने सांगितलेला वा भ्रमणध्वनीवर पाहिलेला व्यायाम जोमाने करून गृध्रसी वाढवून घेणारे रुग्णही आपण पाहतोच.

आपल्या शास्त्राने या काळाचा विचार केलेला आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील तिसऱ्या अध्यायात भग्नचिकित्सा सांगताना, तळहाताचा भग्न बरा होत असता रुग्णाने प्रथम मातीचा गोळा, नंतर मिठाचा खडा आणि हातात बळ आल्यावर पाषाण धरावा, असा क्रम दिलेला आहे. यातील मर्म गोळ्यात वा पाषाणात नाही. ते क्रमात आहे. कोणत्या दिवशी पुढील पायरी चढावयाची, हे रुग्णाचे बळ पाहून ठरावयाचे आणि ते ठरविण्यासाठी कोणीतरी वारंवार पाहत राहिले पाहिजे. व्हिडिओद्वारे आपण करावयाचे ते हेच पाहणे.

येथे एक आक्षेप अपेक्षित आहे आणि तो रास्तही आहे. दर्शन, स्पर्शन व प्रश्न या त्रिविध परीक्षेपैकी स्पर्शन पडद्यावर होत नाही. नाडी हाती लागत नाही, शोथाची उष्णता कळत नाही, स्नायूंचा ताण बोटांना जाणवत नाही. म्हणूनच आम्ही प्रथम तपासणी व्हिडिओद्वारे करावी असे म्हणत नाही. पहिली परीक्षा प्रत्यक्षच व्हावी, निदान प्रत्यक्षच व्हावे. त्यानंतरच्या पाठपुराव्यात मात्र दर्शन आणि प्रश्न यांना पुष्कळ वाव आहे. खांदा किती वर जातो, रुग्ण खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठतो का, टाचेवर आणि चवड्यावर चालता येते का, हे डोळ्यांना दिसते. किंबहुना घरातील बिछाना, शौचालय आणि उंबरठा यांचे जे दर्शन व्हिडिओवर घडते, ते चिकित्सालयात कधीच घडत नाही.

कायद्याची बाजूही ध्यानात घ्यावी. जुलै २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रत्नागिरीतील एका प्रकरणात डॉक्टर दांपत्याचा अटकपूर्व जामीन अर्ज फेटाळला. प्रत्यक्ष तपासणीविना दूरध्वनीवरून दिलेल्या उपचार-सूचनांचा प्रश्न त्या प्रकरणाच्या केंद्रस्थानी होता आणि त्यानंतर सर्वच चिकित्सकांत भीतीचे वातावरण पसरले. पुढे २५ मार्च २०२० रोजी आधुनिक वैद्यकासाठी आणि एप्रिल २०२० मध्ये भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषदेमार्फत आयुर्वेद, सिद्ध व युनानी चिकित्सकांसाठी दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली. त्या परिषदेची जागा २०२१ साली भारतीय चिकित्सा पद्धती राष्ट्रीय आयोगाने घेतली. रुग्णाची ओळख, त्याची संमती, चिकित्सकाचा नोंदणी क्रमांक आणि नोंदींचे जतन हे या व्यवस्थेचे आधारस्तंभ होत. मार्चच्या तत्त्वांनुसार प्रत्यक्ष तपासणीनंतर सहा महिन्यांच्या आत, त्याच व्याधीसाठी, त्याच चिकित्सकाशी झालेला संवाद ‘पाठपुरावा’ गणला जातो. सहा महिन्यांची ही मर्यादा आपण बाह्य सीमा मानावी. प्रतीक्षेतील रुग्णाची प्रत्यक्ष भेट त्याहून पुष्कळ आधी व्हावी.

कार्यपद्धती साधी असावी. चिठ्ठी देतानाच रुग्णाचा वार व वेळ ठरवावी. आठवड्यातून एकदा, दहा-पंधरा मिनिटे पुरेशी आहेत. मधल्या सुटीत पाठविलेल्या चार ओळींच्या संदेशास पाठपुरावा समजू नये. घरातील एक व्यक्ती सोबत असावी, भ्रमणध्वनी स्थिर ठेवावा, प्रकाश समोरून यावा. प्रत्येक वेळी तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारावेत: वेदना, निद्रा, मल-मूत्रप्रवृत्ती, चालणे, औषध, अभ्यंग कोण व कसे करते. त्याच हालचाली करवून घ्याव्यात आणि मागील नोंदीशी ताडून पाहाव्यात. स्त्री रुग्णाच्या खाजगीपणाची काळजी घ्यावी आणि संमतीवाचून चित्रण करू नये. शुल्क आधी सांगावे. विनामूल्य सेवा द्यावयाची असल्यास तीही ठरवून द्यावी. अन्यथा महिन्याभरात वैद्य कंटाळतो आणि सेवा खंडित होते.

पाठपुरावा कोठे थांबवावा, हे त्याहून महत्त्वाचे. कटिशूलाच्या रुग्णास मूत्र अडणे, मलावरील ताबा सुटणे, मांड्यांच्या आतील बाजूस बधिरता येणे किंवा पाऊल लोंबू लागणे यांपैकी एकही लक्षण आढळल्यास संवाद तेथेच थांबवून त्यास तातडीने रुग्णालयात धाडावे. ज्वर वा अकारण भारक्षय यांसह पृष्ठशूल असल्यास पुढील तपासणी लांबवू नये. एकाच पोटरीला सूज, उष्णता व वेदना असेल, तर शिरेत रक्ताची गुठळी असण्याचा संभव असतो. अशा पायाचे मर्दन त्वरित बंद करवून रुग्णास तपासणीस पाठवावे. चेहरा वाकडा होणे, एका बाजूचे बळ अकस्मात जाणे, वाणी अडखळणे यांत तर क्षणाचाही विलंब नको. ही लक्षणे छापील कागदावर पहिल्याच भेटीत रुग्णाच्या हाती द्यावीत.

औषधी विक्रेत्या बंधूंशीही येथे दोन शब्द बोलणे अगत्याचे आहे. वातव्याधीत वापरल्या जाणाऱ्या अनेक कल्पांत कुचला, वत्सनाभ, भल्लातक यांसारखी द्रव्ये असतात. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ मधील अनुसूची ई(१) मध्ये त्यांचा समावेश असून, अशा कल्पांच्या वेष्टनावर ते वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापणे बंधनकारक आहे. प्रतीक्षा लांबली की रुग्ण जुन्या चिठ्ठीचे छायाचित्र दाखवून विषतिंदुक वटीची डबी पुनःपुन्हा नेतो. तारीख, मात्रा आणि कालावधी नमूद असलेली नवी चिठ्ठी मागणे हा ग्राहकाचा अवमान नव्हे. शंका आल्यास वैद्यास दूरध्वनी करावा आणि वैद्यानेही तो घ्यावा.

शेवटी, फिजिओथेरपी ही स्वतंत्र विद्या आहे. महाराष्ट्रात तिच्यासाठी २००२ च्या अधिनियमानुसार राज्य परिषदेची तरतूद झाली आणि २०२१ च्या केंद्रीय अधिनियमाने तिला देशव्यापी चौकट मिळाली. व्हिडिओवरून तिची जागा घेण्याचा मोह आपण टाळावा. प्रतीक्षाकाळात कोणत्या हालचाली निर्धोक आहेत, हे आपल्या भागातील फिजिओथेरपिस्टकडून लिहून घ्यावे आणि प्रथम सत्राच्या वेळी आपल्या साप्ताहिक नोंदींची प्रत रुग्णासोबत द्यावी. ज्यांच्या घरी स्मार्टफोन नाही, त्यांच्यासाठी साधा दूरध्वनी आणि शक्य तेथे गृहभेट हाच मार्ग उरतो; त्यांना यादीतून वगळणे न्याय्य होणार नाही.

अंधेरी, बोरिवली, मुलुंड व घाटकोपर येथील सभासदांनी आपापल्या विभागात एकत्र येऊन प्रश्नांचा एकच नमुना, धोक्याच्या लक्षणांचा एकच कागद आणि परिसरातील फिजिओथेरपी केंद्रांची एक सूची सिद्ध करावी, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. यासाठी मोठ्या निधीची गरज नाही, नव्या यंत्राचीही नाही. चिठ्ठी लिहून झाली म्हणजे आपले काम संपले, ही समजूत तेवढी सोडावी लागेल.