टनाला ३६६ रुपये झाले, तरी टोळी मध्येच का पळते?

हंगाम भरात आला की गावोगावी एकच तक्रार ऐकू येते. टोळी आली, चार दिवस तोडली आणि रातोरात निघून गेली. ऊस उभा, त्याला तुरा आलेला आणि मुकादमाचा फोन बंद. शेतकरी म्हणतो मजूर माजलेत, मुकादम म्हणतो उचल बुडाली. मजुराला मात्र कुणी विचारत नाही.

जानेवारी २०२४ मध्ये ऊसतोडीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली. टनाला २७३ रुपये मिळत होते, ते साधारण ३६६ झाले. मुकादमाचं कमिशनही १९ वरून २० टक्के झालं. वाढ चांगली आहे, नाही म्हणायचं कारण नाही. पण हिशेब मांडून बघा. जोडप्याने दिवसात दोन टन ऊस तोडला, मोळ्या बांधल्या, डोक्यावर वाहून गाडी भरली, तर दोघांचे मिळून ७३२ रुपये. म्हणजे माणशी ३६६. त्यासाठी पहाटे चारला उठायचं आणि गाडी रात्री बाराला आली तर बाराला भरायची. त्याच वर्षी रोजगार हमीचा दर दिवसाला २९७ रुपये होता, तोही घरी राहून.

तरीही टोळ्या पळतात त्या फक्त दरामुळे नाही. आपल्याला नेमकं काय मिळणार हे मजुराला कळत नाही, खरी गोम तिथं आहे. उचल जोडप्याच्या नावाने घेतली जाते. ती टनाटनाने फिटत जाते, पण वही मुकादमाकडे. आज किती टन झाले, किती वजा झाले, वाटेत दवाखान्याला दिलेले हजार रुपये कशात धरले, हे पट्टा पडल्यावर समजतं. कधीकधी तेव्हाही समजत नाही. सहा महिने राबून पुन्हा अंगावर बाकी निघाली, तर माणूस पुढच्या वर्षी मन लावून कोयता चालवील कसा?

इथं शेतकऱ्याचं नुकसान सुरू होतं. ऊस जमिनीलगत तोडला तर वजन भरतं, बुडख्यातली साखर कारखान्यात जाते आणि खोडवाही चांगला फुटतो. नाराज टोळी चार बोटं वर कोयता मारते. वाढं विकून चार पैसे सुटतात म्हणून शेंड्याकडचे दोन पेरे जास्त सोडते. एकरभर रानात हे किती होतं, ते बांधावर उभं राहून बघितलेल्याला सांगायला नको. वर खुशालीही मागितली जाते. खुशालीविरुद्ध तक्रार करा असं साखर आयुक्तालय सांगतं, पण ऊस रानात उभा असताना तक्रार कोण करणार? खुशाली चूकच आहे. पण करारात न मिळालेलं मजूर बांधावर वसूल करतो, हेही तितकंच खरं.

वजनकाट्याचंही तेच. शेतकऱ्याचं बिल आणि मजुराचा टन एकाच काट्यावर ठरतो. काटा मारला तर दोघांचंही जातं. पण काट्यावरून बोलताना शेतकरी नेते मजुराला सोबत घेताना फारसे दिसत नाहीत.

दुसरी बाजूही आहे. दोन मुकादमांकडून उचल घेऊन तिसरीकडे जाणारे आहेत. मजुरांची खोटी यादी दाखवून वाहतूकदाराला लाखोंनी बुडवणारे मुकादम आहेत. ट्रॅक्टरचं कर्ज डोक्यावर असलेला वाहतूकदार यात कायमचा बसतो. पण सगळा व्यवहार तोंडी आणि आगाऊ पैशावर चालतो, म्हणून तर ही फसवणूक सोपी होते. ज्या मुकादमाचा हिशेब उघडा असतो, रोजची वजनपावती टोळीला दाखवली जाते, त्याच्याकडे तीच माणसं वर्षानुवर्षं येतात. अशी टोळी मिळावी म्हणून शेतकरी वाट बघत थांबतो.

सगळ्यात मोठा अन्याय बाईवर. एक कोयता म्हणजे नवरा-बायको, पण नाव आणि पैसे नवऱ्याचे. खाडा झाला तर दंड, मग पाळी असो की ताप. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे बीड जिल्ह्याचे आकडे आले. पाहणी केलेल्या ८२ हजार ३०९ ऊसतोड महिलांपैकी १३ हजार ८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. खाड्याची भीती हे त्यामागचं एक मोठं कारण म्हणून पुढं आलं.

मजुरांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळ आहे. कारखान्यांनी टनामागे १० रुपये आणि तेवढेच सरकारने द्यायचे असं ठरलं. त्यातून वसतिगृहं सुरू झाली, ओळखपत्रं वाटली गेली. पण फडातला रोजचा हिशेब अजून मुकादमाच्या वहीतच आहे. पुढचा करार होईल तेव्हा टनाच्या दरावर चर्चा होईलच. टोळीच्या मोबाइलवर रोजचं वजन यावं आणि बाईचे पैसे बाईच्या खात्यात जमा व्हावेत, या दोन गोष्टी तिथं मांडायला कारखान्याला वेगळा खर्च फारसा येत नाही. खात्याचा नंबर तर बहुतेकींकडे आता आहेच.