भीतीवर उपचार करणारा चष्मा

किल्लारीच्या भूकंपाची ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट भूममधील जुन्या मंडळींच्या स्मरणात आहे. धाराशिव आणि लातूर जिल्ह्यांत घर शाबूत राहिलेली माणसेही त्यानंतर कित्येक रात्री अंगणात निजली. काळाने बहुतेकांची भीती ओसरते. काहींच्या मनात मात्र ती छपराची, गर्दीची वा उंचीची होऊन मुक्काम करते. अशा माणसाला थोड्याथोड्या मात्रेने भीतीसमोर नेणे ही मानसोपचारातील जुनी रीत आहे.

हेच आता डोळ्यांवर बसविलेल्या यंत्रातून, म्हणजे ‘व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी’तून, घडविता येते. अमेरिकेत बार्बरा रॉथबाम व सहकाऱ्यांनी उंचीच्या भीतीवरील असा प्रयोग १९९५ मध्ये प्रसिद्ध केला. इंग्लंडमध्ये तीव्र मनोविकाराच्या, घराबाहेर पडण्यास धजत नसलेल्या ३४६ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. त्यांतील सुमारे निम्म्यांना आभासी दुकानात, बसमध्ये, दवाखान्यात पाऊल टाकण्याचा सराव देण्यात आला. ज्यांची भीती सर्वाधिक, त्यांना लाभही अधिक झाला. मात्र प्रशिक्षित कर्मचारी सोबत होता आणि नेहमीचे उपचार चालूच होते.

गरगरणे, मळमळ, डोळ्यांवर ताण हे त्रास संभवतात. फेफरे येत असल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे. जीव घाबरताच रुग्णाला यंत्र काढता आले पाहिजे. ‘थोडा धीर धर’ म्हणून हात धरणारा नातेवाईक येथे अपाय करतो.

व्यापारी घराण्यांत खरी अडचण निराळीच असते. सोयरीक मोडेल, बाजारातील पत जाईल, या धास्तीने मुलीचा वा सुनेचा आजार झाकला जातो. मग घरीच वापरता येणारा असा संच सोयीचा वाटू लागतो. परंतु मान कोठे वळली, हात किती हलले, याच्या नोंदी हे यंत्र ठेवू शकते. दुकानाची खतावणी परक्याला न दाखविणारे घर ही वही कोणाच्या हाती देत आहे? उलट, मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २३ नुसार उपचाराच्या माहितीची गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे. तेव्हा गुप्ततेसाठी डॉक्टर टाळण्यात अर्थ नाही. संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी नोंदी कोठे साठतात व केव्हा पुसल्या जातात, हे अवश्य विचारावे. न वाचता केलेल्या सह्यांचे पुढे काय होते, हे व्यापाऱ्यांना सांगावयास नको.

पहिली विचारपूस घरूनच करावयाची असल्यास ‘टेली मानस’ ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर ऑक्टोबर २०२२ पासून निःशुल्क उपलब्ध आहे. ती दिवसरात्र चालते आणि तेथे मराठीतही बोलता येते.