चित्रपुस्तकाची रद्दी

पोथीतल्या एका पाठभेदासाठी हिरिरीने भांडणारी आमची विद्यापीठे चित्रपुस्तकाचा कच्चा खर्डा मात्र रद्दीत काढतात. चेन्नईच्या 'तारा बुक्स'ने २००६ साली 'द नाइट लाइफ ऑफ ट्रीज' काढले. भज्जू श्याम, दुर्गाबाई आणि रामसिंग उर्वेती या गोंड चित्रकारांची झाडे त्यात काळ्या हातकागदावर, एकेक रंग हाताने चढवून छापली आहेत. १९५४च्या कायद्यान्वये छापील प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला द्यावी लागते. रेखाटने, रंगचाचण्या, पत्रव्यवहार यांची चौकशी तो कायदा करीत नाही. मग भिंतीवरचे झाड पानावर येताना काय बदलले, आणि कोणी बदलले, हे आम्ही कशावरून सांगायचे? (समीक्षक 'लोककलेचा गोडवा' म्हणून मोकळे होतात!) छोट्या प्रकाशकाने हा पसारा किती काळ सांभाळावा? विद्यापीठांनी तो मागून घ्यावा. प्रकाशनसंस्था चालू आहे तोवरच.