आयर्लंडमध्ये ‘शेरीफ’ हा शब्द आजही लोकांना का टोचतो?

मार्च २०२३. आयर्लंडमध्ये भाडेकरूंना घराबाहेर काढण्यावर घातलेली तात्पुरती बंदी महिनाअखेरीस संपणार होती. त्याच दिवसांत सोशल मीडियावर एक चित्र व्हायरल झालं. एकोणिसाव्या शतकातलं पेंटिंग, शेतकरी कुटुंबाला घराबाहेर काढलं जातंय. फक्त त्यात आजचे आयरिश पोलीस जोडलेले होते. सिन फेन पक्षाचे खासदार ओवेन ओ ब्रिन यांनी ते शेअर केलं आणि मोठा वाद झाला. हा पोलिसांचा अपमान आहे, अशी टीका झाली.

दीडशे वर्षांपूर्वीचं दृश्य आजही इतकं का झोंबतं? हे समजून घ्यायचं असेल, तर ब्रिटिश राजवटीतल्या शेरीफची ओळख करून घ्यावी लागते.

शेरीफ म्हणजे नेमकं कोण?

शेरीफ म्हटलं की आपल्याला हॉलिवूडचा बिल्लेवाला घोडेस्वार आठवतो. मुंबईकरांना नगरपाल आठवतील. दिलीप कुमार, सुनील गावसकर यांनी भूषवलेलं ते मानाचं पद. दोन्हींचं मूळ इंग्लंडमधलं एकच जुनं पद आहे. पण आयर्लंडमध्ये हे पद नुसतं मिरवण्याचं नव्हतं.

बाराव्या शतकात नॉर्मन आयर्लंडमध्ये आले आणि त्यांच्यासोबत ही पद्धतही आली. देशाची हळूहळू काउंटींमध्ये, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यांसारखी, विभागणी झाली. शेवटची काउंटी विकलो, ती १६०६ मध्ये झाली. प्रत्येक काउंटीला एक हाय शेरीफ असे. नेमणूक एका वर्षाची. एकोणिसाव्या शतकात ती राजाचा प्रतिनिधी म्हणजे लॉर्ड लेफ्टनंट करत असे. माणूस निवडला जाई तो बड्या जमीनदारांमधून. रोजचं काम त्याच्या हाताखालचा सब-शेरीफ बघत असे.

शेरीफच्या हातात काय काय होतं बघा:

- ज्युरीवर कोण बसणार, हे ठरवणं
- काउंटीतली संसदेची निवडणूक घेणं आणि निकाल जाहीर करणं
- फाशीच्या शिक्षेची अंमलबजावणी करणं
- कोर्टाच्या हुकमानुसार जप्ती करणं आणि कुळांना घराबाहेर काढणं

आयर्लंडची बहुसंख्य जनता कॅथलिक. जमीनदार मात्र बहुतेक प्रोटेस्टंट. १८२९ पर्यंत तर कॅथलिक माणसाला कायद्यानेच शेरीफ होता येत नव्हतं.

ज्युरी कोण निवडणार?

शेरीफने बोलावलेली ग्रँड ज्युरी फक्त खटल्यांपुरती नव्हती. काउंटीतले रस्ते, पूल आणि त्यासाठीचा स्थानिक कर हेही तीच ठरवत असे. मतदारांनी निवडून दिलेल्या काउंटी कौन्सिल आल्या त्या १८९८ च्या कायद्यानंतर.

फौजदारी खटल्यांत तर ‘आपली माणसं भरलेली ज्युरी’ ही कायमची तक्रार होती. डब्लिनमध्ये १८४४ मध्ये कॅथलिकांचे नेते डॅनियल ओ’कॉनेल यांच्यावर कटाचा खटला चालला, तेव्हा ज्युरीत एकही कॅथलिक नव्हता. त्यांना शिक्षा झाली, पण त्याच वर्षी हाउस ऑफ लॉर्ड्सने ती रद्द केली. शेवटी १८७१ च्या कायद्याने ज्युरर निवडण्यातली शेरीफची मनमानी काढून घेतली. यादीतली नावं ठरलेल्या क्रमाने घ्यायची, असा नियम झाला.

मत मोठ्याने सांगायचं, तेही त्यांच्यासमोर

गुप्त मतदान आलं १८७२ मध्ये. त्याआधी मतदाराने सगळ्यांदेखत उमेदवाराचं नाव सांगायचं. समोर जमीनदाराची माणसं आणि निवडणूक घेणारा शेरीफही त्याच वर्गातला. म्हणूनच १८२८ ची क्लेअरची पोटनिवडणूक गाजली. तिथे कुळांनी जमीनदारांना न जुमानता ओ’कॉनेल यांना २,०५७ मतं दिली. विरोधकाला मिळाली ९८२. पुढच्याच वर्षी कॅथलिकांसाठी संसदेची दारं उघडली.

याच पदाचा एक मजेशीर फटका चार्ल्स स्ट्युअर्ट पार्नेल यांना बसला. १८७४ मध्ये त्यांना निवडणूक लढवायची होती. पण ते स्वतःच विकलोचे हाय शेरीफ होते आणि सरकारने त्यांना मोकळं केलं नाही. अखेर त्यांचे भाऊ उभे राहिले आणि हरले. पाच वर्षांनी हेच माजी शेरीफ लँड लीगचे अध्यक्ष झाले. लीगचं मुख्य काम काय? कुळांना बेदखल होण्यापासून वाचवणं!

घरावर येणारा शेरीफ

लोकांच्या मनात शेरीफ कोरला गेला तो मात्र यामुळेच. भाडं थकलं की जमीनदार कोर्टात जाई. हुकूम निघाला की सब-शेरीफ बेलिफ घेऊन दारात येई आणि सोबत पोलीस, कधी सैन्यही. मोठ्या दुष्काळाच्या काळात आणि त्यानंतर, १८४९ ते १८५४ या सहा वर्षांत, पोलिसांच्या नोंदीनुसार जवळपास अडीच लाख लोक कायमचे बेघर झाले.

१८८० च्या दशकात लोक प्रतिकार करू लागले. दारं-खिडक्या आतून बंद करून, उकळतं पाणी ओतून. १८८८ मध्ये किलरश इथे घरांच्या भिंती फोडायला मोठा ओंडका आणला गेला. त्याचे फोटो आजही उपलब्ध आहेत. ‘बॉयकॉट’ हा आपल्या हॅशटॅगमधला शब्दही याच लढ्यातला. मेयो काउंटीतल्या कॅप्टन बॉयकॉट या जमीनदाराच्या एजंटवर १८८० मध्ये लोकांनी बहिष्कार टाकला, त्यावरून तो आला.

मग शेरीफ खलनायक होता का? तो म्हणू शकत होता, मी फक्त कोर्टाचा हुकूम पाळतोय. ते खरंही होतं. हुकूम न बजावणं त्यालाच महागात पडलं असतं. पण ज्युरी, मतदान आणि जप्ती या तिन्ही ठिकाणी कुळाला तोच वर्ग समोर दिसत होता. त्यामुळे कायदेशीर कारवाईसुद्धा त्याला न्याय वाटत नव्हती.

आज काय आहे?

स्वतंत्र आयर्लंडने १९२६ च्या कायद्याने हाय शेरीफ हे पद मोडीत काढलं. आता बहुतेक काउंटींत कोर्टाचे हुकूम काउंटी रजिस्ट्रार बजावतात. डब्लिन आणि कॉर्कमध्ये शेरीफ आहेत, पण त्यांच्याकडे ना ज्युरी आहे, ना फाशी. उत्तर आयर्लंडमध्ये हाय शेरीफ आजही आहेत, फक्त समारंभांपुरते.

आठवण मात्र गेलेली नाही. डिसेंबर २०१८ मध्ये रॉसकॉमनमधल्या स्ट्रोक्सटाउनजवळ खासगी सुरक्षारक्षकांनी एका कुटुंबाला घराबाहेर काढलं, तेव्हा देशभर संताप उसळला. काही दिवसांनी त्या रक्षकांवर हिंसक हल्लाही झाला. याच स्ट्रोक्सटाउनच्या जमीनदाराची, डेनिस महोन यांची, १८४७ मध्ये कुळांना हाकलल्यानंतर हत्या झाली होती. त्यांच्या वाड्याच्या आवारात आता दुष्काळाचं राष्ट्रीय संग्रहालय आहे.

घरांचा तुटवडा आणि न परवडणारी भाडी हा आयर्लंडच्या राजकारणातला आजचा सगळ्यात तापलेला प्रश्न आहे. तिथे सरकार बेदखलीचा विषय काढतं, तेव्हा लोकांना कायद्याच्या कलमांआधी दारात उभा असलेला शेरीफ आठवतो.