फडावर शाळा की गावात वसतिगृह?

दिवाळी सरली की बीड, पाथर्डीकडच्या वस्त्यांवरून ट्रक-ट्रॅक्टर ऊसतोडीसाठी ऊसपट्ट्याकडे सुटतात. भांडीकुंडी, शेरडं, अंथरुणं आणि सगळ्यांत वर पोरं. एका कोयत्याची, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीची, 50 हजारांपासून लाखाच्या वर जाणारी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मजूर जमवणाऱ्या मुकादमाने पावसाळ्यातच दिलेली असते. ती फिटल्याशिवाय उसाचा फड सोडता येत नाही. 1976 च्या कायद्याने वेठबिगारी बंद झाली, तिच्याशी जोडलेलं कर्जही रद्द ठरलं. पण तक्रार केली तर पुढच्या साली उचल कोण देणार, या धास्तीने कुणी तोंड उघडत नाही. आधी आईबाप मोकळे होऊ देत, मग पोरांचं बघू, असं म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद तत्त्वाला धरून आहे; तोवर तिसरीतलं पोर मात्र कोयता धरण्याच्या वयाचं होतं.

मग पोराने शिकायचं कुठे? साखरशाळेचा, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी कारखान्याजवळ हंगामापुरत्या भरणाऱ्या शाळेचा, मोठा गुण असा की लेकरू आईजवळ राहतं. गाडी सेंटरवाल्यांची, म्हणजे बैलगाडीने ऊस वाहणाऱ्यांची, खोपटी हंगामभर कारखान्याजवळ असतात, तिथे अशी शाळा चालू शकते. ट्रकमागे गावोगाव फिरणाऱ्या टोळीला ती गाठणार कशी? 2010 मध्ये शिक्षणहक्क कायदा लागू झाल्यापासून जवळच्या नेहमीच्या शाळेत मुलांना घालण्यावर भर आहे. तत्त्व रास्त, पण अर्ध्या वर्षात आलेलं आणि एप्रिलात जाणारं मूल वर्गात मागच्या बाकावरच बसून राहतं. बेळगावकडे तर शाळा कन्नड असण्याचीच शक्यता जास्त.

आईबाप ऊसतोडीला गेल्यावर मुलांसाठी गावातच चालणाऱ्या हंगामी वसतिगृहात मात्र गाव तेच, गुरुजी तेच, पुस्तक तेच. म्हणून माझा कल तिकडे आहे, पण डोळे झाकून नाही. सहा वर्षांच्या पोराला पाच-सहा महिने वसतिगृहाच्या जेवणावर आणि आजीच्या भरवशावर ठेवणं सोपं नसतं, आणि सगळ्यांच्या आज्या धडधाकट नसतात. मंजुरी उशिरा येते, तोवर ट्रक गेलेला असतो. पटावरची पोरं आणि ताटावरची पोरं जुळत नाहीत, अशाही तक्रारी असतात. वयात आलेल्या मुलीला मागे ठेवायची भीती वाटली की लग्न उरकून टाकतात.

एक गोष्ट या वादात हमखास निसटते. पहाटे आईबाप फडात गेले की दहा वर्षांची पोरगी खोपटात उरते ती धाकट्याला कडेवर घेऊन. तिच्यासाठी फडाजवळ शाळा काढली तरी ती येणार नाही. आधी धाकट्यासाठी पाळणाघर हवं. लहानग्यांची सोय फडाजवळ, पाचवीपुढच्यांची गावात, अशी विभागणी मला व्यवहार्य वाटते. 2021 साली महाराष्ट्र सरकारने 41 तालुक्यांत मुला-मुलींची मिळून 82 वसतिगृहं जाहीर केली, तीही याच दिशेने.

यावर एक आक्षेप खरा आहे: पोरांची सोय लावून दिली की कारखान्याला बिनलेकुरवाळे मजूर मिळतात आणि उचलीचा फास तसाच राहतो. म्हणून या सोयीचा खर्च कारखान्यांकडूनही घ्यायला हवा. कोणत्या गावातून किती कोयते कुठे जाणार, हे मुकादमाच्या वहीत हंगामाआधीच लिहिलेलं असतं. कारखान्याने त्या यादीत मुलांची नावं आणि वयं घालून ती सप्टेंबरपर्यंत पंचायत समितीकडे द्यावी, न दिल्यास गाळप परवाना अडवावा. वसतिगृहाची चूल मग पहिला ट्रक सुटायच्या आत पेटवता येईल.